फॉरवर्ड न करणं हाही सट्टाच

"मॅडम, आपला धंदा पार्ट बनवायचा. डॉलर-युरोचा सट्टा खेळणं आपलं काम नाही."

पुढे येणाऱ्या डॉलर-युरोचा भाव बँकेशी आजच ठरवून घ्या, म्हणजे 'फॉरवर्ड' करा, असं सुचवल्यावर भोसरीतल्या एका कारखानदारानं हे मला पहिल्यांदा ऐकवलं त्याला बरीच वर्षं झाली. मी कॉस्ट अकाउंटंट आहे. भोसरी, चाकण आणि रांजणगावच्या छोट्या कारखान्यांचे हिशोब पाहते. हेच वाक्य नंतर चाकणच्या शेडमध्ये, तळेगावच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये आणि बाणेरच्या वीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीतही थोड्याफार फरकानं ऐकलं. बोलणारी माणसं प्रामाणिक आहेत. मायक्रॉनमध्ये काम करतात, कर्जाचा हप्ता चुकवत नाहीत, कामगाराचा पीएफ वेळेवर भरतात. तरीही त्यांचं हे म्हणणं मला पूर्णपणे चुकीचं वाटतं, आणि ही चूक त्यांच्या एकट्याची नाही, असंही मला तितक्याच ठामपणे वाटतं.

२०२२ सालचा एक हिशोब सांगते. एका कारखान्यानं त्या जानेवारीत जर्मन ग्राहकाला कोटेशन दिलं. माल १ लाख २० हजार युरोचा. युरो तेव्हा ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणून कोटेशन ८४ धरूनच बसवलं. रुपयात ते १ कोटी ८० हजार होतात. त्यात नफा आठ टक्के, म्हणजे साधारण आठ लाख. फेब्रुवारीत ऑर्डर आली. स्टील घेतलं, मशिनिंग झालं, हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतली. मे महिन्यात माल न्हावा-शेव्याहून निघाला आणि नव्वद दिवसांच्या उधारीवर ऑगस्टच्या अखेरीस पैसे आले. युरो तेव्हा साडेएकोणऐंशीच्या घरात होता. हातात पडले सुमारे ९५ लाख ४० हजार. पाच लाख चाळीस हजार वाटेतच गेले, म्हणजे नफ्याचा दोन-तृतीयांश भाग. पार्टमध्ये काही दोष नव्हता. ग्राहकानं पै न पै वेळेवर दिली होती.

याच दिवसांत वर्तमानपत्रांत मथळे होते की रुपया नीचांकी पातळीवर गेला आणि निर्यातदारांची चांदी झाली. डॉलरच्या बाबतीत पहिला भाग खरा होता. जुलै २०२२ मध्ये डॉलर ८० रुपयांना टेकला. पण रुपया जेवढा घसरला त्याहून जोरात युरो घसरला होता. युक्रेनचं युद्ध आणि युरोपातली गॅसटंचाई यांमुळे त्या उन्हाळ्यात एक युरो एका डॉलरच्या बरोबरीला आला. युरोत बिल करणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं रुपया घसरलाच नव्हता, उलट वधारला होता. पुण्याचा जर्मनीशी असलेला धंदा लक्षात घेतला तर हे किती कारखान्यांत घडलं असेल याचा अंदाज येतो. 'रुपया पडला की निर्यातदाराला फायदा' हे आपल्याकडचं सोपं समीकरण. कोणत्या चलनासमोर पडला, कोटेशनपासून पैसे येईपर्यंतच्या नेमक्या कोणत्या आठवड्यांत पडला, आणि कच्च्या मालाचं बिल कोणत्या चलनात होतं, एवढं विचारल्याशिवाय त्या समीकरणाला अर्थ नाही.

आता सट्ट्याकडे येते. मालकाला वाटतं, मी काहीच केलं नाही, म्हणजे मी सट्टा खेळलो नाही. पण ज्या दिवशी त्यानं युरोत भाव लिहून कोटेशनवर सही केली, त्याच दिवशी त्यानं आठ महिन्यांनंतरच्या युरोच्या भावावर आपला नफा लावला. त्याचा खर्च रुपयात आहे. पगार रुपयात, महावितरणचं बिल रुपयात, जॉबवर्क रुपयात. उत्पन्न तेवढं परक्या चलनात. मधली आठ महिन्यांची दरी उघडी आहे, आणि ती उघडी ठेवणं हाही एक निर्णयच आहे. कांद्याच्या वखारीत माल भरून भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याला आपण सट्टेबाज म्हणतो. त्याला निदान ठाऊक असतं की आपण वाट पाहतोय. आपल्या कारखानदाराला तेही ठाऊक नसतं.

बहुतेक जण धोका मोजायला सुरुवात करतात ती इन्व्हॉइस निघाल्यावर. तोपर्यंत अर्धा रस्ता संपलेला असतो. खरा धोका कोटेशनच्या कागदावर जन्मतो. त्याहून मोठा धोका वर्षाच्या रेट कॉन्ट्रॅक्टमध्ये असतो. परदेशी ग्राहक पार्टचा भाव एकदा ठरवतो आणि बारा महिने त्याच भावानं माल उचलतो. स्टील महागलं तर भाव वाढवून देण्याचं कलम अशा करारांत अनेकदा असतं, कारण स्टीलबद्दल आपली माणसं भांडायला शिकली आहेत. चलनाचं कलम मला आजवर फार थोड्या करारांत दिसलं. ते मागायला कुणी ग्राहकाकडे गेलंच नव्हतं.

हा धोका बंद करायचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे फॉरवर्ड. बँकेशी आज करार करायचा की आठ महिन्यांनी मी तुम्हाला इतके युरो अमुक भावानं विकेन. भाव आज ठरतो, पैसे तेव्हा हातात येतात. गंमत अशी की निर्यातदाराला यासाठी सहसा खिशातून काही द्यावं लागत नाही, उलट त्याला थोडं जास्तच मिळतं. हे सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे संशयानं बघतो, म्हणून त्यामागचं कारण नीट सांगते. तुमचे डॉलर सहा महिन्यांनी येणार असले तरी बँक आज बाजारातून डॉलर उसने घेते आणि विकून रुपये करते. ते रुपये सहा महिने इथल्या व्याजानं लावते. डॉलरवर तिला द्यावं लागणारं व्याज आणि रुपयावर मिळणारं व्याज यांत जो फरक असतो, तो स्पर्धेमुळे तुमच्या भावात येतो. त्यालाच प्रीमियम म्हणतात. आपल्याकडचे व्याजदर अमेरिका-युरोपपेक्षा बहुतेक काळ जास्तच राहिले आहेत, त्यामुळे पुढच्या तारखेचा भाव आजच्यापेक्षा वर असतो. अलीकडे हा फरक आटला. २०२५ मध्ये डॉलरवर तो वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास आला होता, पूर्वी याच्या दुपटीहून जास्त असायचा. आयातदाराला हाच प्रीमियम भरावा लागतो, त्यामुळे त्याची कुरकुर मला समजते. निर्यातदाराच्या बाबतीत मात्र 'हेजिंग', म्हणजे भावाचा धोका असा बंद करणं, 'महाग आहे' हे कारण टिकत नाही. त्या २०२२ च्या कोटेशनवर जानेवारीतच फॉरवर्ड घेतला असता, तर ८४ च्याही वर भाव मिळाला असता.

मग माणसं हे का करत नाहीत? आळस किंवा अज्ञान एवढंच उत्तर देणाऱ्यांना २००७-०८ चा काळ आठवत नसावा.

२००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या पुढे होता. वर्ष संपेपर्यंत तो ३९ च्या घरात आला. कापड, चामडं, इंजिनिअरिंगचा माल निर्यात करणारे सगळे घाबरले, आणि नेमक्या त्या घबराटीत काही बँकांची माणसं त्यांच्या दारात गेली. 'झीरो कॉस्ट' नावाची योजना त्यांनी विकली. आजच्या बाजारापेक्षा चांगला भाव मिळेल, आधी काही भरायचं नाही, फी नाही. अट कागदाच्या खालच्या भागात असायची: रुपया एका पातळीच्या पलीकडे पडला, तर तुम्हाला ठरलेल्या भावानं दुप्पट डॉलर द्यावे लागतील. काहींना तर डॉलर आणि स्विस फ्रँक यांच्या भावावर बांधलेले करार विकले गेले. त्या कारखान्यांचा स्वित्झर्लंडशी काडीचा संबंध नव्हता. २००८ च्या मंदीत वारं फिरलं. डॉलर वर्षअखेरीस ५० च्या आसपास गेला, फ्रँकही उलटा फिरला, आणि ज्यांनी धोका बंद करायला म्हणून सही केली होती त्यांच्यावर धंद्याच्या आकाराबाहेरचं देणं आलं. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरचे कापड निर्यातदार कोर्टात गेले. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०११ मध्ये एकोणीस बँकांना डेरिव्हेटिव्हचे, म्हणजे अशा भावावर बांधलेल्या करारांचे, नियम मोडल्याबद्दल दंड केला. दंडाची रक्कम प्रत्येकी पाच ते पंधरा लाख. एका मध्यम कारखान्याचं नुकसान यापेक्षा किती तरी मोठं होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथं तर माणसांनी ताक पिणंच सोडलं. भोसरीत 'हेजिंग' शब्द काढला की आजही कुणीतरी त्या काळात बुडालेल्या ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतो. साधा फॉरवर्ड आणि ते गुंतागुंतीचे करार यांत सुरी आणि तलवारीएवढा फरक आहे, पण हा फरक त्यांना समजावून सांगणं ही जबाबदारी कुणाची होती? ज्यांनी तो कागद विकला, त्यांचीच. ती आजही पार पडलेली नाही. विश्वास गेला तेव्हा तो बँकांमुळे गेला. तो परत मिळवण्याचं काम छोट्या मालकांवर टाकणं अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण लिमिटची. फॉरवर्ड घ्यायचा तर बँकेकडून वेगळी लिमिट, म्हणजे अशा व्यवहारांची मर्यादा, मंजूर करून घ्यावी लागते, कारण भाव उलटा गेला आणि तुम्ही माल पाठवलाच नाही तर तोटा बँकेच्या अंगावर येतो. बँकेची काळजी रास्त आहे. पण ही लिमिट बऱ्याचदा आधीच ओढाताण चाललेल्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे रोजच्या धंद्यासाठीच्या कर्जातून, कापून दिली जाते, किंवा तिच्यासाठी वेगळं तारण मागितलं जातं. ज्याचं घर, शेड आणि मशिनं आधीच गहाण आहेत, त्यानं आणखी काय द्यायचं? मग तो म्हणतो, राहू द्या, आपला धंदा पार्ट बनवायचा.

तिसरी गोष्ट भावाची, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. मोठ्या कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे पैसा आणि चलन सांभाळणाऱ्या विभागात, बसलेल्या माणसासमोर स्क्रीन असतो. तो तीन बँकांना फोन लावतो आणि बाजारभावापेक्षा काही पैसे इकडे-तिकडे यावर व्यवहार मिटवतो. छोट्याला मिळतो कार्ड रेट, म्हणजे बँकेनं सगळ्यांसाठी ठरवलेला भाव, तोही सकाळी छापलेला. माझ्या एका अशिलाचे ७५ हजार डॉलर आले होते. शाखेनं सांगितलेला भाव त्या क्षणाच्या बाजारभावापेक्षा पंचावन्न पैशांनी कमी होता. मी शेजारीच बसले होते. बाजारभाव काय आहे, हे मी मोबाइलवर दाखवून विचारलं तेव्हा अधिकाऱ्यानं मुंबईला फोन लावला आणि भाव पंधरा पैशांच्या फरकावर आला. तीस हजार रुपये एका फोनमध्ये वाचले. मी तिथं नसते तर ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पावतीवर हा खर्च कुठंच दिसत नाही. 'बँक चार्जेस' म्हणून जे दिसतं ते काही शेकड्यांत असतं, आणि मालक त्या शेकड्यांवरून भांडत बसतो.

रिझर्व्ह बँकेनं यावर काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. किरकोळ ग्राहकाशी फॉरवर्डसारखा करार करण्याआधी त्याला बाजारातला मधला भाव सांगण्याचं बंधन बँकेवर आहे. हातात असलेल्या ऑर्डरसाठीच नव्हे, पुढे अपेक्षित असलेल्या व्यवहारासाठीही हेज करता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये बँकांचे आपसातले व्यवहार मिटवणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशननं एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला, जिथं छोट्या ग्राहकालाही बँकांच्या आपसातल्या बाजाराच्या जवळचा भाव मिळावा आणि बँकेची फी वेगळी दिसावी अशी रचना आहे. कागदावर हे उत्तम आहे. मी आजवर ज्या मालकांना एफएक्स-रिटेलबद्दल विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते नाव पहिल्यांदा माझ्याकडूनच ऐकलं. शाखेतल्या माणसाला ते सांगण्यात रस असण्याचं कारण नाही, कारण त्या पंचावन्न पैशांतूनच त्याच्या शाखेचं उत्पन्न येतं.

उलट बाजूनं पाहा. २०१४ पासून रिझर्व्ह बँक बँकांना सांगते की कर्जदाराचा परकीय चलनातला उघडा धोका मोजा आणि त्याप्रमाणे संभाव्य तोट्यासाठी जादा तरतूद करा, म्हणजे पैसे बाजूला काढा. हे नियम २०२२ मध्ये नव्यानं मांडले गेले. त्यात एकूण बँककर्ज ५० कोटींपर्यंत असलेल्या उद्योगांसाठी एक पळवाट आहे: बँकेनं तपशिलात न जाता सरसकट थोडी जादा तरतूद केली की झालं. बँकेचं काम सोपं झालं, हे खरं. पण याचा अर्थ असा की भोसरीतल्या कारखान्याचा उघडा धोका कुणीही बसून मोजत नाही. मालकही नाही आणि त्याला कर्ज देणारी बँकही नाही.

यावर मला नेहमी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो वजनदार आहे. रिझर्व्ह बँक रुपयाला फार हलू देत नाही, मग हा सगळा खटाटोप कशाला? २०२३ चं सबंध वर्ष डॉलर ८१ ते साडेत्र्याऐंशीच्या पट्ट्यात राहिला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं तर त्या वर्षाअखेरीस आपल्या विनिमय व्यवस्थेला 'स्थिरावलेली' असं नाव दिलं आणि रिझर्व्ह बँकेनं त्यावर आक्षेप घेतला. त्या शांततेत ज्यांनी थोडंफार फॉरवर्ड करायला सुरुवात केली होती, त्यांनीही सोडून दिलं. मग २०२५ आलं. फेब्रुवारीत डॉलर ८७ च्या वर, मेच्या सुरुवातीला ८४ च्या आसपास, डिसेंबरात ९० च्या पार. एका वर्षात दोन्ही दिशांनी. त्यात ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि ग्राहक सवलत मागू लागले. नदीवर धरण आहे म्हणून काठावरच्यानं पूररेषा विसरायची नसते, हे जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्या शहरानं सोसला त्या शहराला तरी सांगावं लागू नये.

दुसरा आक्षेप यापेक्षाही खरा आहे. २०२५ च्या मे महिन्यात ज्यानं सगळे डॉलर ८५-८६ ला बुक केले, त्यानं डिसेंबरात ९० पाहिला आणि हळहळला. त्याहून वाईट म्हणजे मार्च २०२० मध्ये ज्यांचे फॉरवर्ड ७२-७३ ला बुक होते आणि ऑर्डरच रद्द झाल्या, त्यांना करार मोडण्यासाठी बाजारातून ७५-७६ ला डॉलर घ्यावे लागले. फॉरवर्ड हे बंधन आहे. माल गेला नाही तरी ते सुटत नाही. मी हे दडवत नाही आणि दडवणाऱ्या सल्लागाराकडे कुणी जाऊ नये. म्हणूनच सगळं एकदम बुक करा असं मी कधीच सांगत नाही. पक्क्या ऑर्डरचा मोठा हिस्सा, अपेक्षित ऑर्डरचा छोटा हिस्सा, आणि तोही दर महिन्याला थोडा थोडा, म्हणजे एकाच दिवसाच्या भावावर वर्ष टांगलेलं राहत नाही. कच्चा माल आयात होत असेल तर त्याच चलनात बिल मागा. पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल बनवण्यासाठीचं कर्ज, डॉलरमध्ये घ्या, म्हणजे देणं आणि येणं समोरासमोर वजा होतं आणि फॉरवर्डची गरजच निम्मी होते. हळहळीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. ८६ धरून कोटेशन दिलं, ८६ ला विकलं, ठरलेला आठ टक्के नफा मिळाला. यात गेलं काय? आगीचा विमा काढला आणि वर्षभरात आग लागली नाही, म्हणून कुणी हप्त्याबद्दल रडत नाही.

विम्याचा विषय निघालाच आहे तर १९५७ सालाकडे जाते. त्या वर्षी जुलैमध्ये सरकारनं निर्यात जोखमीच्या विम्यासाठी महामंडळ काढलं, तेच आजचं ईसीजीसी. परदेशी ग्राहकानं दिवाळं काढलं, पैसे दिले नाहीत, किंवा त्या देशानंच पैसे बाहेर पाठवणं बंद केलं, तर निर्यातदाराच्या नुकसानीचा मोठा भाग, सहसा ९० टक्क्यांपर्यंत, हे महामंडळ भरून देतं. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परकीय कर्जफेड थांबवली तेव्हा या विम्याचं मोल अनेकांना कळलं. स्वातंत्र्यानंतर दहाच वर्षांत, परकीय चलनाची चणचण असलेल्या गरीब देशानं हे मान्य केलं होतं की दूर देशातल्या ग्राहकाचं दिवाळं हा छोट्या निर्यातदारानं एकट्यानं उचलायचा भार नाही. फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेचा निर्णय किंवा युक्रेनमधलं युद्ध हा भार त्यानं एकट्यानं का उचलायचा? दोन्ही धोके त्याच्या हाताबाहेरचे आहेत. पहिल्यासाठी संस्था आहे, दुसऱ्यासाठी एक छापील कार्ड रेट.

हा प्रश्न मालकांच्या नफ्यापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. नफा गेला की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग कंत्राटी मुलांना 'पुढच्या महिन्यापासून येऊ नका' असं सांगितलं जातं. लातूर, बीड, धाराशिवकडून आलेली ही मुलं इंद्रायणीनगर नाहीतर मोशीत चौघं एका खोलीत राहतात, आणि त्यांच्या नोकरीचा निर्णय युरोच्या भावानं झाला हे त्यांना कधीच कळत नाही. डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिला तेव्हा, १९२३ च्या सुमारास, एक गोष्ट स्पष्ट मांडली होती: रुपया घसरला म्हणून निर्यातदाराला होणारा लाभ आभाळातून पडत नाही. महागाई वाढते आणि मजुरी मागे राहते, तो फरक कामगाराच्या खिशातून येतो. शंभर वर्षांनी मला त्याला एक जोड द्यावीशी वाटते. रुपया वधारतो, किंवा २०२२ सारखा युरो कोसळतो, तेव्हाचा तोटाही शेवटी त्याच खिशातून जातो. विनिमयदराच्या दोन्ही फेऱ्यांत ज्याचा हात रिकामा होतो, त्याच्या बाजूनं हा प्रश्न सार्वजनिक ठरतो.

काय करता येईल, याबद्दल मी मोठ्या योजनेची वाट पाहत नाही. निर्यातीच्या कर्जाला मंजुरी देताना बँकेनं फॉरवर्डची लिमिट सोबतच द्यावी, कॅश क्रेडिट न कापता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या कर्जाला पतहमी देणारा ट्रस्ट २००० सालापासून चालू आहे. साध्या फॉरवर्डमधून बँकेला होऊ शकणाऱ्या तोट्यालाही, ठरावीक मर्यादेत, तीच हमी लागू करावी. गुंतागुंतीच्या करारांना मुळीच नको, २००८ मध्ये फी मोजून धडा घेतलाय. चलन बदलण्याच्या प्रत्येक पावतीवर त्या मिनिटाचा बाजारभाव, दिलेला भाव आणि दोन्हींतला फरक रुपयांत छापावा. रुपयांत म्हणते, पैशांत नव्हे. 'पंचावन्न पैसे' वाचून कुणी दचकत नाही, 'एक्केचाळीस हजार दोनशे पन्नास रुपये' वाचून दचकेल. ज्या मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना डॉलरशी बांधलेले भाव देतात, त्यांनी करारात चलनाचं कलम घालावं. त्यांच्याकडे ट्रेझरी आहे, धोका पेलायची ताकद त्यांची जास्त आहे.

आणि पुण्यानं स्वतःच्या घरातलं थोडं बाहेर काढावं. बँकांच्या अधिकाऱ्यांना जोखीम व्यवस्थापन शिकवणारी राष्ट्रीय संस्था, एनआयबीएम, १९६९ मध्ये स्थापन झाली आणि ती कोंढव्यात आहे. देशभरातले बँकर तिथं येऊन हे शास्त्र शिकून जातात. भोसरी तिथून तासा-दीड तासावर. मराठा चेंबर १९३४ पासून उद्योजकांसाठी काम करतंय. बँक ऑफ महाराष्ट्रचं मुख्यालय शिवाजीनगरला आहे. या तिघांनी मिळून महिन्यातून एक शनिवार भोसरीत, मराठीत, कोटेशनचे खरे कागद समोर ठेवून बसायचं ठरवलं तर त्याला कुठल्या कायद्याची गरज नाही. मी स्वतः त्या वर्गाला विनामोबदला यायला तयार आहे. इंग्रजी स्लाइड्स घेऊन सेनापती बापट रस्त्यावर भरणाऱ्या परिषदांना भोसरीचा मालक येत नाही. त्याला दुपारच्या शिफ्टला उभं राहायचं असतं.

ज्या कारखानदाराचं वाक्य सुरुवातीला लिहिलं, त्यांच्याकडे गेल्या महिन्यात गेले होते. त्यांच्या मुलीनं आता कोटेशनच्या फाइलमध्ये एक रकाना वाढवलाय: 'धरलेला भाव'. शेजारी दुसरा: 'आजचा फॉरवर्ड'. पहिल्यापेक्षा दुसरा वर असेल तर ती वडिलांना विचारल्याशिवाय बँकेला ईमेल टाकते. हातातल्या चार पक्क्या ऑर्डरींपैकी दोन तिनं अशा बुक केल्यात. उरलेल्या दोनसाठी लिमिट अपुरी पडते. वाढीव लिमिटचा अर्ज शाखेत दिलाय, तारणाचा प्रश्न आलाय, आणि फाइल अजून तिथंच आहे.